वेठ, वही आणि बांबू : कायदा आला की गुलामी संपते का?

एसटीचा संप झाला की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात एक वाक्य हमखास असतं : 'प्रवाशांना वेठीस धरलं'. डॉक्टरांचा संप झाला तर रुग्णांना वेठीस धरलं, शिक्षकांचा झाला तर विद्यार्थ्यांना. हा शब्द आपण इतका सहज वापरतो की वेठ म्हणजे काय, हे विचारायचं राहूनच जातं.

वेठ म्हणजे बिनमजुरीचं, सक्तीचं काम. संस्कृतातल्या 'विष्टि'ची झाली वेठ. फारसीतून आली बेगार, तिची झाली बिगार. दोन्ही जोडून वेठबिगार. बांधकामावर सिमेंटची घमेली उचलणारा 'बिगारी' हाही त्याच घरातला शब्द. म्हणजे गंमत बघा, ज्याला आज आपण रोजी देतो, त्याचं नाव रोजी न देण्यावरून पडलंय.

मागचा भाग अमेरिकेतल्या गुलामीवर होता. त्यावर तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी लिहिलं, "दादा, हे तिकडचं झालं. साखळदंड, लिलाव वगैरे आपल्याकडे नव्हतं ना?" मी चंद्रपूरचा. आमच्या भागात साखळदंड लागतच नव्हता. एक वही पुरायची. आजचा भाग त्या वहीवर आहे.

आधी व्याख्या करून घेऊ, नाहीतर प्रत्येक वाईट नोकरीला गुलामी म्हणायची आपल्याला सवय आहे. मला कॉलेजातून पहिली नोकरी लागली तेव्हा कंपनीने दोन वर्षांचा बाँड लिहून घेतला आणि ओरिजनल मार्कशीटही ठेवून घेतली. आम्ही पोरं कँटीनमध्ये स्वतःला गुलाम म्हणायचो. पण खरं सांगायचं तर मी कधीही उठून चालू लागलो असतो. त्यांनी पैसे मागितले असते, वकिलाची नोटीस पाठवली असती, मार्कशीटसाठी हेलपाटे घालायला लावले असते. मला बसस्टँडवरून धरून परत आणलं नसतं. हा फरक छोटा नाही.

आपल्या देशात हा फरक कायद्याने लिहून ठेवलाय. १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा. आधी ऑक्टोबर १९७५ मध्ये वटहुकूम निघाला, मग संसदेने कायदा केला. त्यातलं सूत्र साधं आहे. कुणी उचल घेतली असेल, किंवा बापजाद्यांचं कर्ज असेल, किंवा 'तुमच्या जातीने हे काम करायचंच' असा रिवाज असेल, आणि त्यापायी माणसाचं चारपैकी एक जरी स्वातंत्र्य गेलं असेल, तर ती वेठबिगारी. ही चार कोणती? कामाची मजुरी मिळण्याचं. दुसरं काम धरण्याचं. हवं तिथे जाण्याचं. आणि चौथं, जे वाचून मी थांबलोच : आपल्या कष्टाचा माल बाजारभावाने विकण्याचं. हे चौथं लक्षात ठेवा, पुढे बांबूपाशी लागणार आहे.

म्हणजे आपल्या कायद्यात मालक माणूस विकत घेत नाही. तो माणसाच्या नावावर एक आकडा लिहितो आणि तो आकडा कधी शून्य होऊ देत नाही. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगतो. डेटाबेस एकच आहे, त्यात लिहायचा अधिकार फक्त एकाच बाजूला आहे, आणि दुसऱ्या बाजूला तो वाचताही येत नाही, कारण अक्षरओळख नाही. अशा सिस्टिममध्ये साखळीची गरजच काय?

आता हे इथवर आलं कसं ते बघू.

इंग्रजांच्या संसदेने १८३३ मध्ये साम्राज्यातली गुलामी बंद करायचा कायदा केला. १ ऑगस्ट १८३४ पासून तो लागू झाला. पण ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख त्यातून वगळलेला होता, म्हणजे आपण बाहेर. आपल्याकडे १८४३ चा पाचवा कायदा आला, आणि त्याची रचना मला फार चतुर वाटते. त्याने कुणालाही मोकळं केलं नाही. त्याने एवढंच म्हटलं की 'हा माझा गुलाम आहे' असा दावा सरकारी न्यायालयात चालणार नाही. पेशवाईतल्या कुणबिणी, म्हणजे विकत घेतलेल्या, दंडात धरलेल्या बटक्या, तशा कागदांची किंमत संपली. पण 'हा माझा कर्जदार आहे' हा दावा मात्र चालत राहिला. एक दार बंद झालं, शेजारचं सताड उघडं राहिलं.

जगात सगळीकडे हेच झालेलं दिसतं. जमैकात १८३४ मध्ये गुलामी संपली म्हणतात, पण 'उमेदवारी'च्या नावाखाली त्याच मळ्यांवर त्याच माणसांकडून १८३८ पर्यंत फुकट काम करून घेतलं गेलं. ब्रिटिश सरकारने दोन कोटी पौंड भरपाई दिली. कुणाला? मालकांना. त्यासाठी काढलेलं कर्ज २०१५ मध्ये फिटलं. हैतीच्या गुलामांनी तर लढून स्वातंत्र्य मिळवलं, १८०४ मध्ये. फ्रान्सने १८२५ मध्ये युद्धनौका पाठवून त्यांच्याकडूनच १५ कोटी फ्रँकची भरपाई कबूल करून घेतली. रशियात १८६१ मध्ये भूदास मोकळे झाले आणि जमिनीचे हप्ते १९०७ पर्यंत फेडत बसले. अमेरिकेची १८६५ ची तेरावी घटनादुरुस्ती गुलामी बंद करते, पण त्यात 'गुन्ह्याची शिक्षा म्हणून असेल तर सोडून' असा अपवाद आहे. मग दक्षिणेकडच्या राज्यांनी भटकणं हाच गुन्हा ठरवला आणि कैदी भाड्याने द्यायला सुरुवात केली.

आणि मळ्यांवर माणसं कमी पडली तेव्हा ती आपल्याकडून गेली. मॉरिशसला १८३४ पासून करारावर मजूर गेले, त्यात मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली मराठी माणसंही होती. त्यांची पाचवी-सहावी पिढी आज तिथे मराठी म्हणवते, गणपती बसवते. 'ॲग्रीमेंट'चा अपभ्रंश 'गिरमिट', म्हणून ते गिरमिटिये. आपल्या मराठीत गिरमीट म्हणजे सुताराचं भोक पाडायचं हत्यार. योगायोगच, पण चपखल.

तरी अमेरिकेतल्या त्या लढ्याची खबर इथे पोचत होती. जोतिबा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं ते अर्पण केलंय अमेरिकेतल्या लोकांना, निग्रो दास्य संपवण्यासाठी त्यांनी केलेल्या त्यागाबद्दल. त्यांनी ते शब्द आणि तो प्रश्न उचलून सरळ आपल्या गावगाड्यावर ठेवला. 'हे तिकडचं झालं' असं जोतिबांना वाटलं नव्हतं, एवढंच सांगतो.

आता आमच्याकडे या. चांदा. चंद्रपूरचं जुनं नाव. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, तो झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. नागपूरचे भोसले निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये हा सगळा मुलूख कंपनीने खालसा केला. पूर्वेकडच्या जंगलात गोंड जमीनदाऱ्या होत्या, सगळ्यात मोठी अहेरीची. १८५८ मध्ये मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी गोंड आणि रोहिल्यांची फौज उभी करून राजगड परगणा ताब्यात घेतला. चिंचगुंडीला तारखात्याच्या तळावर हल्ला झाला, दोन इंग्रज मारले गेले. कॅप्टन क्रिक्टन चांद्याचा डेप्युटी कमिशनर होता. लढून जमेना, तेव्हा त्याने अहेरीच्या जमीनदारीणबाईंवर दबाव आणला. बाबुराव पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. आवारातला तो पिंपळ चंद्रपूरच्या प्रत्येक पोराला माहीत असतो.

इथे एक गोष्ट सोपी करून सांगायचा मोह होतो, मी ती करणार नाही. बाबुराव स्वतः जमीनदार होते. जमीनदारीत रयतेने मालकाचं काम करायचं, हे इंग्रजांच्या आधीपासून होतं. इंग्रजांनी वेठ आणली नाही. त्यांनी तिला रजिस्टर दिलं.

कसं ते बघा. १८७८ च्या वन कायद्याने जंगलाचे राखीव, संरक्षित असे वर्ग पाडले. राखीव जंगल म्हणजे आत माणूस नको. पण मग सागवान तोडणार कोण? जाळरेषा कोण साफ करणार, रस्ते कोण करणार? आलापल्लीचं सागवान आपोआप लाटेवर चढत नाही. म्हणून मध्य प्रांतात वनखात्याने जंगलाच्या आत स्वतःच गावं वसवली. वनग्रामं. अट अशी की इथे राहा, थोडी जमीन कसा, पण जमीन तुमच्या नावावर होणार नाही, आणि खातं बोलावेल तेव्हा खातं ठरवेल त्या दराने कामावर यावं लागेल. नाही आलात तर गाव सोडा. वरून साहेबाचा दौरा निघाला की तंबू, सामान, कोंबड्या, दूध, सगळं गावाने पुरवायचं. कागदावर मजुरी होती, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या गुलामी नव्हती. पण त्या चार स्वातंत्र्यांची यादी हातात घेऊन बसा आणि एकेकावर खूण करा.

यातून माणसं सुटली कशी? दोन ठिकाणांची गोष्ट सांगतो, दोन्हीत कायदा नंतर आलाय.

एक कुमाऊँ, हिमालयात. तिथे 'कुली बेगार' होती. गावोगाव रजिस्टर असायचं, त्यात कुणाच्या घरातून कुणी साहेबाचं ओझं वाहायचं ते लिहिलेलं. जानेवारी १९२१, मकरसंक्रांतीची जत्रा, बागेश्वर. हजारो लोक जमले आणि गावच्या प्रमुखांनी ती रजिस्टरं सरयू नदीत फेकून दिली. प्रथा तिथेच मोडली. मला हा प्रसंग प्रचंड आवडतो. त्यांनी अधिकाऱ्यावर हात उगारला नाही. डेटाबेस उडवला. बॅकअप नव्हता.

दुसरी गोष्ट आपल्या महाराष्ट्रातली, डहाणू-तलासरीची. तिथल्या वारल्यांमध्ये 'लग्नगडी' होते. लग्नासाठी सावकाराकडून शेदोनशे घ्यायचे आणि नवराबायको दोघांनी त्याच्याकडे राबायचं, बहुतेकदा आयुष्यभर. १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकर किसान सभेचं काम घेऊन तिकडे गेले. झरी गावच्या सभेत वारल्यांनी ठरवलं की वेठ करायची नाही, आणि लग्नगडी मोकळे झाले. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला गोळीबार झाला, पाच आदिवासी गेले. तरी वेठ परत आली नाही. गोदावरीबाईंचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक याच दिवसांवर आहे.

मग संविधान आलं. कलम २३. त्याच्या इंग्रजी मसुद्यातसुद्धा 'बेगार' हा आपला शब्द तसाच ठेवलाय. आणि १९८२ मध्ये दिल्लीच्या एशियाड खेळांची बांधकामं चालू असताना मजुरांना किमान वेतन मिळत नाही म्हणून सुप्रीम कोर्टात याचिका गेली. न्यायमूर्ती भगवतींनी निकालात म्हटलं की भुकेपोटी माणूस किमान वेतनापेक्षा कमीवर राबतो, तेव्हा तीही सक्तीच. पोटाची सक्ती ही कोर्टाने सक्ती मानली.

१९७६ च्या कायद्यातलं माझं आवडतं कलम मात्र पंधरावं. साधारणपणे जो दावा करतो त्याने सिद्ध करायचं. इथे मजूर म्हणाला 'मी वेठबिगार आहे', की नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सावकाराची. म्हणजे वही आता सावकाराच्याच गळ्यात. बाकी कलमंही कडक आहेत : वेठबिगारीचं कर्ज रद्द, करार रद्द, तीन वर्षांपर्यंत कैद.

हे सगळं मी इतक्या तपशिलात का सांगतोय? मागच्या महिन्यात चामोर्शी तालुक्यातून एका ताईंचा व्हॉइस नोट आला. आमच्याकडून, म्हणजे गडचिरोली-चंद्रपूरकडून, दरवर्षी धानाची कापणी झाली की लोक टोळ्या करून तेलंगणात मिरची तोडायला जातात. खम्मम, वरंगळकडे. पैसा मिळतो, म्हणून आनंदाने जातात, बायका जास्त. ताईंचा भाऊ जोडीने गेला. मुकादमाकडून पंधरा हजार उचल घेतली होती. तिथे आधार कार्ड काढून घेतलं. वहिनी आजारी पडली, परत यायचं म्हणाले, तर "आधी हिशोब पूर्ण करा". हिशोब कुणाच्या वहीत? मुकादमाच्या. ताईंनी विचारलं, "सर, पैसे तर घेतलेच होते आमी. मग तक्रार कशी करावं?"

ताई, आणि ऐकणारे सगळेच, नीट ऐका. उचल घेणं गुन्हा नाही. उचल देणंही गुन्हा नाही. उचलीच्या बदल्यात माणसाला जाऊ न देणं, हा गुन्हा आहे. ज्या क्षणी 'फिटेपर्यंत हलायचं नाही' हे आलं, त्या क्षणी ते पंधरा हजार कायद्याच्या नजरेत वेठबिगारीचं कर्ज होतं, आणि ते फेडायची जबाबदारीच संपते. आपण पैसे घेतलेत म्हणून आपण चोर आहोत, ही जी भावना आहे ना, तिच्यावरच हा सगळा धंदा चालतो.

करायचं काय? माणूस जिथे अडकलाय तिथल्या जिल्हाधिकाऱ्याकडे किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे तक्रार. लेखी, साध्या कागदावर, नातेवाइकाने दिली तरी चालते. त्याचीच एक प्रत आपल्याकडच्या तहसीलदाराला. जिवावर आलं असेल तर ११२. वकील फुकट मिळतो : १९८७ च्या विधी सेवा कायद्यात बेगारीचा बळी असलेल्याला आणि आदिवासींना उत्पन्न न बघता मोफत मदत आहे, फोन नंबर १५१००. सुटका झाली की 'मुक्ती प्रमाणपत्र' मागून घ्यायचंच. ते नसेल तर पुढचं काही मिळत नाही. ताबडतोबीची मदत ३० हजारांपर्यंत आहे. पुनर्वसनाची मोठी रक्कम पुरुषाला एक लाख, स्त्री आणि मुलांना दोन लाख, अतिशोषणाच्या प्रकरणात तीन लाख. पण ही मोठी रक्कम मालकाला शिक्षा झाली की मिळते, आणि खटले कसे रेंगाळतात ते तुम्हाला माहीत आहे. ही अट माझ्या मते चुकीची आहे. सुटलेल्या माणसाला पैसे आज लागतात, निकालाच्या दिवशी नाही. आज नाही मिळाले तर तो पुढच्या हंगामात त्याच मुकादमाच्या गाडीत बसतो.

सालगड्यांचं पण बरेच जण विचारतात. पाडव्याला साल ठरतं, वर्षभराचे पैसे, थोडं धान्य. प्रत्येक सालगडी वेठबिगार नाही. मधेच सोडून गेला तर मालक काय करतो, हे बघायचं. उत्तर तिथे आहे.

आता चौथं स्वातंत्र्य. माल बाजारभावाने विकण्याचं. गडचिरोलीत धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचं गोंडांचं छोटं गाव आहे. १९५१ मध्ये जमीनदाऱ्या गेल्या आणि त्यांची जंगलं सरकारची झाली. गावकऱ्यांचे जळण-बांबूचे जुने हक्क निस्तार पत्रकात लिहिलेले होते, पण हळूहळू ते कागदावरच राहिले. बांबू कागद कारखान्याला जायचा, आणि ज्याच्या शिवारात तो उगवला तो माणूस स्वतःच्या घरासाठी तोडला तर चोर ठरायचा. तोडणीची मजुरी मिळायची, मालाची किंमत नाही.

मेंढ्याने मोर्चे कमी काढले, अभ्यास जास्त केला. देवाजी तोफा गावातले, आणि मोहन हिराबाई हिरालाल बाहेरून सोबतीला. गावात अभ्यासगट बसायचे, कायदा वाचायचे, निर्णय सर्वसहमतीने. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा इथलीच. २००६ चा वनहक्क कायदा आला, आणि २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या पहिल्यांपैकी.

संपलं? छे. वनखातं म्हणालं, बांबू विकता येणार नाही, बांबू म्हणजे झाड. १९२७ च्या वन कायद्यात तो झाडांतच धरलेला होता. वनहक्क कायद्यात स्पष्ट लिहिलंय की बांबू गौण वनोपज आहे. म्हणजे एक कायदा गवत म्हणतो, दुसरा झाड म्हणतो, आणि मधे बांबू सडतो. शिवाय खरी मेख वाहतूक परवान्यात होती. परवाना पुस्तक वनखात्याकडे. पुस्तक नाही म्हणजे बांबू नाक्यापुढे जात नाही. हक्क गावाचा, पासवर्ड खात्याकडे.

२७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि ते परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. टीव्हीवर भाषणं दिसली असतील, पण बातमी ते पुस्तक होतं. बागेश्वरने रजिस्टर नदीत टाकलं, मेंढ्याने स्वतःकडे घेतलं. आता पानावर आकडा गाव लिहितं. २०१७ मध्ये कायदा बदलला आणि जंगलाबाहेरचा बांबूही झाडाच्या व्याख्येतून गेला.

पुढे २०१३ पासून काही ग्रामसभांनी तेंदूपत्त्याचा लिलावही स्वतः करायला घेतला. आज गडचिरोलीत हजाराहून जास्त ग्रामसभांकडे सामूहिक हक्काचे कागद आहेत. चंद्रपुरात कमी आहेत, पण गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव जाऊन बघण्यासारखं आहे. सगळं छान चाललंय असं मात्र नाही. काही कंत्राटदारांनी तेंदूचे ठरलेले पैसे ग्रामसभांना थकवले. तेव्हा अडचण ही आली की पुडक्यांचा हिशोब गावात एकदोघांनाच लिहिता येत होता. ते दोघं कंत्राटदाराचे मित्र झाले तर वही परत एका हातात गेली. म्हणून काही गावांनी फळीवर, सगळ्यांना दिसेल असा, रोजचा आकडा खडूने लिहायचं ठरवलं. मी एका गावात त्यासाठी मोबाइलवर एक फॉर्म बनवून देतो म्हणालो. तिथल्या आजी म्हणाल्या, "मोबाइल तुज्या हातात राहीन. फळा चावडीत राहाते." फळाच राहिला.

पुढच्या भागात रोजगार हमी. तेलंगणातून फोन येतोय अशा कुणाला हा भाग पाठवायचा असेल तर मधला नंबरांचा तुकडा वेगळा कापून टाकलाय, दोन मिनिटांचा आहे, कमी डेटात उतरतो.